भावाला ‘कुणाकडे ठेवायचं’, त्याआधीचे काही प्रश्न

पुण्यात बँकेत नोकरी करणाऱ्या, चाळिशीला टेकलेल्या एका वाचक ताईंचं सविस्तर पत्र आलं आहे. त्यांच्या 29 वर्षांच्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे. अठराव्या वर्षापर्यंत तो जिल्ह्याच्या गावी विशेष शाळेत जात होता, तेव्हापासून घरीच आहे. वडील जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक होते. ते आठ महिन्यांपूर्वी गेले. आईंना मधुमेह आहे आणि गुडघे साथ देत नाहीत. थोरले दादा-वहिनी गावच्या घरातच राहतात आणि शेती दादा बघतात.

दादांचं म्हणणं आहे, “तू हक्कसोड दे, त्याचं पालकत्व माझ्या नावावर होऊ दे, मी त्याला जन्मभर सांभाळतो.” आई ताईंना बाजूला घेऊन म्हणतात, “तो तुझ्याकडे आहे असं कळलं की मी डोळे मिटायला मोकळी.” ताईंचे यजमान समंजस आहेत, पण दोन खोल्यांच्या घरात हे कसं जमायचं, त्यापेक्षा एखादी चांगली संस्था बघू, असं त्यांचं मत. दरम्यान बँक पालकत्वाचा कागद मागते, तहसीलवाले जिल्हा रुग्णालयात पाठवतात, तिथले समाजकल्याणकडे. पत्राच्या शेवटी ताई विचारतात, “मी नोकरी सोडून त्याला आणू, संस्थेत ठेवू, की दादाच्या हाती देऊन मोकळी होऊ? तिन्हीत मला अपराधीच वाटतंय.”

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय: “हल्ली तो फारसा बोलत नाही, दिवसभर झोपून असतो, जेवायला उठवावं लागतं, डॉक्टर म्हणाले, यांचं असंच असतं.”

माझं उत्तर इथून सुरू होतं, कारण बाकीचं सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल, हे थांबू नये. ‘यांचं असंच असतं’ हे निदान नाही. डाऊन सिंड्रोम त्याला जन्मापासून आहे आणि हा बदल अलीकडचा आहे. नव्या बदलाचं कारण जुन्या गोष्टीत शोधून गप्प बसायचं, ही बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांच्या बाबतीत फार सर्रास होणारी चूक आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांमध्ये थायरॉईड मंदावण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, आणि त्याची लक्षणं म्हणजे हीच: सुस्ती, झोप, अबोलपणा. साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि रोजच्या एका गोळीवर आटोक्यात राहतं. झोपेत श्वास अडकत असेल (घोरतो का, रात्री दचकून उठतो का, आईंना विचारा), तर दिवसा डोळे मिटणारच. ऐकू कमी येणं, कानात मळ घट्ट होणं, डोळ्यांत लवकर मोतीबिंदू येणं, हेही या मंडळींत नेहमीचं. ज्याला ऐकू येईनासं होतं तो बोलणं कमी करतो, आणि घरच्यांना वाटतं की हट्टी झाला. दात दुखत असला तर ‘दात दुखतोय’ असं तो सांगेलच असं नाही, जेवण टाळेल. म्हणजे फिजिशियन, कान, डोळे, दात, एवढं एकदा नीट होऊ द्या. आणि ‘यांचं असंच असतं’ हे पुन्हा ऐकू आलं तर शांतपणे विचारा, “सहा महिन्यांपूर्वी असं नव्हतं. मग आता काय झालं?”

आणि काय झालं, हे तुम्हाला-मला ठाऊक आहेच. त्याचे वडील गेले. ते गेल्याचं त्याला कुणी सांगितलं का? कोणत्या शब्दांत? दहाव्या-तेराव्याला तो सगळ्यांबरोबर बसला होता, की ‘त्याला काय कळतंय’ म्हणून शेजारी नेऊन ठेवला होता? अशा घरांमधून ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगून वेळ मारून नेलेली मी खूपदा पाहिली आहे. मग तो माणूस महिनोन् महिने दाराशी वाट पाहतो आणि शेवटी वाट पाहणंही सोडतो. वडिलांची सायकल, चष्मा, शाळेतले फोटो, जे काही असेल ते त्याच्यासमोर घेऊन बसा आणि खरं सांगा. तो रडला तर रडू द्या. दुःखालाही उपचार लागू शकतात. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायची वेळ आली तर त्यात कमीपणा काही नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमचं पत्र पाच पानी आहे. त्यात दादा बोलतात, आई बोलतात, यजमान बोलतात, बँकेचा माणूससुद्धा बोलतो. धाकटा भाऊ मात्र कुठेच बोलत नाही. तुम्ही प्रेमानेच लिहिलंय, त्यात शंका नाही. पण त्याला कुठे राहायचंय हे कुणी विचारल्याचा उल्लेख नाही. ‘त्याला काय विचारायचं?’ असं तुमच्या मनात आलंच, तर तो दहा वर्षं शाळेत गेलेला 29 वर्षांचा माणूस आहे एवढं आठवा.

विचारायचं कसं, याची एक पद्धत असते. “तुला ताईकडे राहायचं की दादाकडे?” असं समोर बसवून विचारलंत तर विचारणाऱ्याला बरं वाटेल तेच उत्तर मिळेल, किंवा शेवटचा शब्द परत येईल. ज्याने दुसरं ठिकाण पाहिलंच नाही, त्याने निवड कशी करायची? चार दिवस त्याला तुमच्याकडे आणा. कपडे, चादर, त्याचा नेहमीचा पेला बरोबर असू द्या. तो कधी हसतो, कधी दाराकडे बघत राहतो, रात्री झोपतो का, दुसऱ्या दिवशी काय मागतो, हे लिहून ठेवा. संस्था पाहायला जाल तेव्हा त्यालाच घेऊन जा, नुसतं माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. फोटो काढा, घरी आल्यावर त्याच्यापुढे ठेवा, कोणता तो पुढे सरकवतो ते बघा. त्याचं उत्तर वागण्यात दिसेल, आणि एका भेटीत कदाचित दिसणारही नाही.

ही केवळ माझी हौस नाही, कायद्याचंही हेच म्हणणं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 सालचा. तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. कायद्यापुढे दिव्यांग व्यक्ती इतरांच्या बरोबरीची आहे, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. त्यातलं पालकत्वही ‘मर्यादित’ आहे, म्हणजे ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या व्यक्तीशी सल्लामसलत करून. आपल्याकडे मात्र पालकत्व म्हणजे माणसाचा सातबारा आपल्या नावावर करून घेणं असा समज आहे.

तुमच्या भावासाठी जो कागद बँक मागते आहे, तो बहुधा राष्ट्रीय न्यास (नॅशनल ट्रस्ट) कायद्याखालचा. हा कायदा 1999 सालचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी तो आहे. मूल अठराचं झालं की आईवडीलही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत, हे पुष्कळ घरांना बँकेच्या खिडकीशीच कळतं. पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. त्या समितीत न्यासाकडे नोंदणी असलेल्या संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. आईवडील किंवा नातेवाईक आपल्या पसंतीच्या व्यक्तीचं नाव सुचवू शकतात. पण समितीने आधी दोन गोष्टी तपासायच्या असतात: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असली तर नेमकी कशासाठी. म्हणून अर्जात ‘सर्व कामांसाठी’ असं मोघम लिहू नका. बँक खातं, निवृत्तिवेतन, वैद्यकीय संमती, जे खरोखर अडलंय तेवढंच लिहा. समितीचं प्रमाणपत्र खातं उघडायला आणि चालवायला ग्राह्य धरावं असं रिझर्व्ह बँकेने 2007 सालीच बँकांना कळवलेलं आहे. काऊंटरवरच्या माणसाला ते ठाऊक नसलं तर शाखाधिकाऱ्यांना लेखी द्या. तुम्ही स्वतः बँकेत आहात, तेव्हा हे तुम्ही माझ्यापेक्षा बरं कराल.

पालक कुणी व्हावं? आत्ता आईंनी अर्ज करावा आणि नाव तुमचं असावं, असं मला वाटतं. दादांचं का नाही, तर दादांनी एकाच वाक्यात तीन गोष्टी गुंफल्या आहेत: तुमचा हक्कसोड, भावाचं पालकत्व आणि त्याचा सांभाळ. दादा वाईट आहेत असं मी म्हणत नाही. आठ महिने त्या घरात रोजचं दुखणं-खुपणं तेच काढताहेत, आणि उद्या आई गेल्यावर ओझं आपल्यावरच पडणार, मग जमिनीचे तुकडे कशाला, असा त्यांचा साधा हिशोब असू शकतो. पण हा हिशोब आणि सांभाळ यांची गाठ मारू देऊ नका. ज्याचा जमिनीत हितसंबंध आहे, त्यानेच भावाच्या वतीने सही करणं बरं नाही, तो सख्खा असला तरी. आणि ही गोष्ट दादांच्या तोंडावर कायद्याचं पुस्तक न आपटताही सांगता येते. ज्याला पालक नेमलं जातं त्याने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची असते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशोब. पालक दुर्लक्ष करतो किंवा छळ करतो असं दिसलं, तर त्याला हटवण्यासाठी नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था समितीकडे जाऊ शकते. एवढं दादांना मोकळेपणी सांगा. तुमचं नाव लागलं तर हाच हिशोब तुम्हालाही द्यावा लागणार आहे. वही आत्ताच घाला.

हक्कसोडाचं थोडं स्पष्ट सांगते. हिंदू वारसा कायद्यानुसार आजार, दोष किंवा व्यंग असल्यामुळे कुणाचाही वारसाहक्क जात नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर आई, दादा, तुम्ही आणि धाकटा, असे चौघंही वारस आहात. तलाठ्याकडे वारसनोंद झाली असेल तर फेरफार काढून पाहा. ‘तो काय करणार जमीन’ म्हणून त्याचं नाव राहून गेलं असेल, तर ते आधी लावून घ्या. त्याच्या वाट्याचा हक्कसोड कुणी पालक म्हणून सहजासहजी करून देऊ शकेल असं समजू नका, आणि तुमच्या वाट्याचा करायचा की नाही हे त्याच्या सांभाळाची नीट व्यवस्था लागल्यावर ठरवा. सही करण्यापूर्वी तालुक्याच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या वकिलांना कागद दाखवा. आईंनी आपल्या वाट्यासाठी मृत्युपत्र करावं का, भावासाठी खासगी न्यास करावा का, हेही त्याच भेटीत विचारा. त्यावर इथे अधिक लिहीत नाही, कारण प्रत्येक घराची मिळकत वेगळी.

पैशाचा दुसरा मुद्दा तुमच्या पत्रात आलेलाच नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. तुमचे वडील निवृत्तिवेतनधारक होते. आता कुटुंब निवृत्तिवेतन आईंना मिळत असेल. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 त्यांना लागू असतील, तर आईंच्या पश्चात ते तुमच्या भावाला मिळू शकतं. स्वतःची उपजीविका करता न येणाऱ्या दिव्यांग मुलासाठी ही तरतूद आहे, आणि इतर मुलांसारखी वयाची अट त्याला आड येत नाही. अडचण एवढीच असते की आई असताना कुणी त्याचं नाव नोंदवत नाही, आणि आई गेल्यावर अपंगत्व आधीपासूनच होतं हे सिद्ध करत बसावं लागतं. शाळेचा दाखला, जुनी वैद्यकीय कागदपत्रं आणि जिल्हा शल्यचिकित्सकांचं प्रमाणपत्र जोडून आईंच्या सहीने अर्ज आत्ताच जाऊ द्या. तुमच्या तीनही पर्यायांत भावाच्या हाताशी स्वतःचं उत्पन्न असणं कामाला येईल. संस्थेचे पैसे भरायला, तुमच्या घरी मदतनीस ठेवायला, किंवा दादांकडे राहायला.

आता त्या चकरा. जिल्हा रुग्णालय, समाजकल्याण, तहसील, बँक, प्रत्येकजण दुसरीकडे बोट दाखवतो, कारण प्रत्येकाकडे भावाचा एकच तुकडा आहे. हे तुकडे जोडायचं काम कुणाच्याही नेमणूकपत्रात नसतं. म्हणून ते घरातल्या कुणीतरी करावं लागतं, पण ते रोजचं काम नाही, नोकरी सोडण्याइतकं तर नाहीच. एक फाइल करा. पहिला कागद युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा. नसेल तर ऑनलाइन अर्ज भरून जिल्हा रुग्णालयात तपासणी, आणि जुनं प्रमाणपत्र असेल तर त्यावर मुदत आहे का ते पाहा. दुसरा पालकत्वाचा अर्ज. तिसरा निरामय आरोग्य विम्याचा: राष्ट्रीय न्यासाची ही योजना वर सांगितलेल्या चार प्रकारच्या अक्षमतांसाठीच आहे, एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचाही खर्च त्यात येतो. अर्ज नोंदणीकृत संस्थेमार्फत करता येतो.

प्रत्येक कार्यालयात तोंडी विचारणं बंद करा. साध्या कागदावर अर्ज, दोन प्रती, एकावर आवक क्रमांक आणि शिक्का. “साहेब जागेवर नाहीत” असं सांगणारा माणूसही शिक्का मारायला नाही म्हणत नाही. नकार द्यायचाच असेल तर तो लेखी मागा, कोणत्या नियमाने तेही. निम्म्या वेळा नकार तिथेच विरघळतो. उरलेल्यांसाठी माहिती अधिकार आहे, आणि त्यावर पुण्यातलं राज्य दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय आहे. तुम्ही पुण्यातच आहात, हे तुमच्या पत्रात तुम्हाला ओझं वाटतं. या एका कामापुरती ती सोयच आहे.

हे सगळं एकटीने करायचं नाही, असं मी म्हणणार हे तुम्हाला माहीत असेलच, पण त्यातला एक भाग खरोखर एकटीने होत नाही. अशा मुलांच्या पालकांच्या संघटना गावोगाव आहेत. ‘परिवार’ हा त्यांचा देशपातळीवरचा महासंघ 1995 पासून काम करतो. स्थानिक स्तर समितीची बैठक कधी भरते, कोणता क्लार्क काम करतो, कोणत्या संस्थेत माणसं खरोखर बोलतात, हे त्या पालकांना पाठ असतं. भावाच्या जुन्या शाळेतल्या बाईंना फोन करा. त्याच्या वर्गातली मुलं आता कुठे आहेत ते विचारा. त्यांच्यापैकी दोघंतिघं जरी तालुक्याजवळ असले, तरी दिवसातले चार तास कुठेतरी एकत्र काम करायची जागा उभी राहू शकते, आणि तुमच्या आईंना दुपारी पाय पसरायला मिळतील. अकरा वर्षं घरात बसलेल्या माणसाला कुठे ‘ठेवायचं’ यापेक्षा त्याने सकाळी उठून कुठे जायचं, हे आधी सुटलं तर बाकीचं बरंच हलकं होईल.

संस्थेबद्दल तुमच्या मनात जी टोचणी आहे, ती थोडी बाजूला ठेवा. संस्था म्हणजे टाकून देणं, हे गावातल्या बायकांनी ठरवलेलं आहे. चार-सहा जण मिळून राहतात अशी घरं आहेत, राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ योजना प्रौढांच्या निवासासाठीच आहे, आणि काहीजण तिथे घरच्यापेक्षा मोकळे होतात. वाईट जागाही आहेत. बघायला जाल तेव्हा फरशी चकचकीत आहे का याकडे फार लक्ष देऊ नका. न कळवता भेटायला आलं तर चालतं का? त्याचं स्वतःचं कपाट आहे का, आणि किल्ली कुणाकडे? तिथले लोक राहणाऱ्यांशी बोलतात की त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलतात? दुपारी चार वाजता तिथली माणसं काय करत असतात? चार वाजता सगळे भिंतीला टेकून बसलेले दिसले तर परत या. आधी आठवडाभर राहून बघू द्या. ज्यांना ते मान्य नसेल ती जागा सोडा.

नोकरी सोडू नका. तुमचं उत्पन्न आणि तुमची सुट्टी, या दोन्ही गोष्टी भावाला पुढची तीस वर्षं लागणार आहेत.

राहता राहिल्या आई. “तो तुझ्याकडे” या वाक्याला तुम्ही आजवर मान डोलावत आलात, आणि अपराधीपणा तिथूनच येतोय असं मला वाटतं. पुढच्या खेपेला गावी गेलात की मान डोलावण्याऐवजी वही घेऊन त्यांच्याशेजारी बसा. सकाळी उठल्यापासून त्या त्याच्यासाठी काय काय करतात ते त्यांच्याच तोंडून लिहून घ्या: दाढी कोण करतं, गोळी कशात घालून देतात, चिडला की कशाने शांत होतो, कोणता शर्ट मुळीच घालत नाही, तो ‘आ’ म्हणतो तेव्हा त्याला काय हवं असतं. हे सगळं आज एका माणसाच्या डोक्यात आहे. त्याचं एक पान करून प्रती काढा. एक दादा-वहिनींना, एक तुमच्या घरी, एक दवाखान्याच्या फाइलमध्ये. तो उद्या कुठेही राहिला तरी ते पान त्याच्याबरोबर जाईल. त्या यादीतली कोणती कामं तो स्वतः शिकू शकेल, त्यावर आईंना खूण करायला सांगा. त्या म्हणतील, “त्याला नाही जमायचं.” दाढीपासून सुरुवात करा; वडील असताना ती कोण करायचं हे विचारलंत, तर वडिलांबद्दल त्याच्याशी बोलायला विषयही मिळेल.

सुट्टी एकाच दिवसाची मिळणार असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आधी रक्ततपासणी.